स्नायूची भूक आणि चुंबकाची दृष्टी



भाषेच्या प्राध्यापकाने हृदयाविषयी बोलावे ते काव्याच्या अंगाने, असा संकेत आहे. आज तो मोडतो. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या छातीत वारंवार कळ येई. अँजिओग्राफीत धमन्या निर्दोष दिसल्या. वेदना मात्र थांबेना. धमनी मोकळी असूनही स्नायू उपाशी राहू शकतो काय? राहू शकतो, कारण स्नायूत खोलवर रक्त पोहोचविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या त्या चित्रात दिसत नाहीत.

मग स्नायूची ही भूक पाहावी कशी? उत्तर रक्तातील लोहात आहे. लोह असूनही रक्त चुंबकाकडे ओढले जात नाही, हे १८४५ साली मायकेल फॅरडेने पाहिले. खुलासा १९३६ साली पॉलिंग आणि कोरिएल यांनी केला : प्राणवायू धारण केलेले हीमोग्लोबिन चुंबकाला दाद देत नाही, तो सोडून दिलेले मात्र किंचित ओढले जाते. १९९० साली सेइजी ओगावा यांनी हाच भेद उंदरांच्या मेंदूच्या एमआरआय चित्रांत टिपला. प्राणवायू घटला की भोवतालचे चुंबकक्षेत्र विस्कटते, पाण्यातील हायड्रोजनचा संदेश लवकर मावळतो आणि चित्राचा तो भाग काळवंडतो.

हृदयाचा स्नायू विश्रांतीतही रक्तातील निम्म्याहून पुष्कळ अधिक प्राणवायू शोषून घेतो. म्हणून गरज वाढली की रक्तप्रवाहच वाढावा लागतो. ॲडिनोसिनसारखे वाहिन्या रुंदावणारे औषध दिले, की निरोगी भागात प्रवाह गरजेहून अधिक होतो आणि तो भाग उजळतो. जेथे वाहिन्या दाद देत नाहीत, तो भाग तसाच मंद राहतो. रक्त स्वतःच साक्ष देते; बाहेरून रंगद्रव्य टोचावे लागत नाही. मूत्रपिंडे दुबळी असणाऱ्यांना हे विशेष मोलाचे.

अडचणीही आहेत. हृदय क्षणभर थांबत नाही, शेजारच्या फुप्फुसांतील हवा चुंबकक्षेत्र बिघडविते आणि उजळण्यातील फरक अल्प असतो. म्हणून ही पद्धत अद्याप मुख्यतः संशोधनाच्याच कक्षेत आहे.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश सिद्ध झाला. कारभाराची भाषा देशी शब्दांत यावी, हा त्यामागील हेतू. रुग्णालाही आपल्या देहाचा कारभार मातृभाषेत कळावा. ‘चित्र निर्दोष आहे’ याचा अर्थ ‘वेदना खोटी आहे’ असा होत नाही, एवढे जरी आज घरी नेले, तरी माझा संकेतभंग सार्थकी लागला असे मी मानीन.