मांजर भिंतीवर काय लिहिते?

"गोणत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडून या," हा सल्ला आम्हाला शेजाऱ्यांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांनी दिला होता. घरात मांजरे तीन. सहा वर्षांची मनी, तिच्याहून वर्षाने लहान असलेला वाघ्या बोका आणि एका पावसाळ्यात जिन्याखाली भिजत सापडलेली ठकी. तिघांचीही नसबंदी झालेली. ठकी येऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर, चपलांच्या कपाटावर, एकदा तर पाहुण्यांच्या बॅगेवर लघवीची पिचकारी उडालेली दिसू लागली. वास इतका उग्र की जिना चढणाऱ्याला दारावरची पाटी वाचायची गरज नव्हती. संशय अर्थातच वाघ्यावर गेला. बोका म्हटला की पिचकारी आलीच, असे सगळेच धरून चालतात. गोणते काढून ठेवले गेले ते त्याच्यासाठी.

संशय चुकीचा होता, हे पुढे कळले. ते कसे कळले हे सांगण्यापूर्वी मांजर असे का करते हे पाहू. प्रत्येक वर्गात मांजर पाळणारी दोन-चार मुले असतातच, आणि या एका सवयीपायी घराबाहेर काढली गेलेली मांजरे त्यांनी पाहिलेली असतात.

प्रथम एक फरक लक्षात घ्यायला हवा. पोट किंवा मूत्राशय रिकामे करायचे असते तेव्हा मांजर खाली बसते, जमीन उकरते, बरीचशी लघवी करते आणि माती ओढून झाकते. पिचकारी मारताना ते उभे राहते. उभ्या पृष्ठभागाकडे पाठ करते, शेपटी ताठ वर धरते, शेपटीचे टोक थरथरते, मागचे पाय जागच्या जागी हलतात आणि थोडीशीच लघवी मागे उडते. झाकण्याचा प्रश्नच नाही. पहिली क्रिया उत्सर्जनाची, दुसरी संदेशाची. ट्रे कितीही स्वच्छ असला तरी दुसरी क्रिया ट्रेमध्ये होणार नाही, कारण पत्र कोणी कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही. (कधीकधी मांजर अंथरुणासारख्या आडव्या जागेवरही खूण करते. तेव्हा ओळखणे अवघड जाते.)

हे पत्र लिहिले जाते ती शाई मोठी मजेची आहे. १९५३ मध्ये आर. जी. वेस्टॉल यांनी मांजराच्या मूत्रातून गंधक असलेले एक नवे अमिनो आम्ल वेगळे केले. त्याला फेलिनीन म्हणतात. स्वतः फेलिनीनला फारसा वास नसतो. पण त्याचे हळूहळू विघटन होऊन ३-मरकॅप्टो-३-मिथाइलब्युटेन-१-ऑल या लांबलचक नावाचे, गंधक असलेले अल्कोहोल तयार होते. बोक्याचा तो प्रसिद्ध दर्प मुख्यतः अशा गंधकयुक्त रेणूंचा. डाग ताजा असताना जेवढा वास येतो, त्याहून दुसऱ्या दिवशी जास्त का येतो, याचे उत्तर यात आहे. जपानमधील मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की फेलिनीन तयार करण्याचे काम कॉक्सिन नावाचे प्रथिन करते. हे विकर मांजराच्या मूत्रपिंडातून थेट मूत्रात सोडले जाते. माणसाच्या लघवीत प्रथिने सापडली की डॉक्टर गंभीर होतात. मांजराच्या लघवीत मात्र ती निरोगीपणीही असतात. नसबंदी न केलेल्या बोक्यात कॉक्सिन आणि फेलिनीन दोन्ही सर्वाधिक. नसबंदीनंतर त्यांचे प्रमाण घटते, पण शून्य होत नाही. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी असल्याने गंधकयुक्त अमिनो आम्ले त्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. असा किमती माल ते भिंतीवर उधळते, यावरूनच या पत्रव्यवहाराचे त्याच्या लेखी मोल काय असेल ते दिसते.

पत्र वाचणारे इंद्रियही वेगळे आहे. एखाद्या डागाचा वास घेऊन मांजर तोंड अर्धवट उघडे ठेवून, वरचा ओठ किंचित उचलून क्षणभर स्तब्ध होते, ते आपण पाहिले असेल. ते वास टाळूतल्या दोन बारीक नलिकांवाटे डॅनिश शास्त्रज्ञ याकोबसन यांनी १८१३ मध्ये वर्णन केलेल्या इंद्रियाकडे पोहोचवत असते. मांजराला जसजसा डाग जुना होतो तसतसा त्याचा वास बदललेला कळतो. येथून कोण गेले आणि केव्हा गेले, हे दोन्ही त्यात लिहिलेले असते.

आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतले रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत, म्हणजे ओळख जुनी. पण रानमांजर एकट्याने शिकार करणारे, आणि एकट्याने शिकार करणाऱ्याला भांडण परवडत नाही. पाय लचकला की उपास. म्हणून भेट टाळण्याची साधने त्याच्याकडे भरपूर असतात आणि वासाची खूण हे त्यातले मुख्य. भेट झालीच तर समेट करण्याची साधने मात्र तुटपुंजी. कुत्र्यांसारखी शेपूट घालून माफी मागण्याची रीत मांजरात नाही. गावातल्या वाड्यांत किंवा मासळी बाजारात मांजरांचे जे घोळके दिसतात, ते बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या भाट्यांचे आणि त्यांच्या पिलांचे असतात. त्या एकमेकींना अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. आपण मात्र तीन ठिकाणची तीन मांजरे एका फ्लॅटमध्ये आणतो आणि 'आता ही भावंडे' असे जाहीर करतो. मांजरांना ते कोणी विचारलेले नसते.

नुसती संख्या हे कारण नव्हे. साओ पावलोतल्या घरांमधल्या मांजरांच्या विष्ठेतील ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष मोजून केलेल्या एका अभ्यासात (२०१३), अनेक मांजरांच्या घरात ताण सरसकट जास्त असतो असे आढळले नाही. कोणाची कोणाशी जमते आणि न जमल्यास दूर जायला वाट आहे का, हे महत्त्वाचे. मांजरांचे न जमणे आपल्याला दिसतही नाही. गुरगुरणे, ओरबाडणे ही टोकाची अवस्था. एरवी एक मांजर दाराच्या उंबरठ्यावर निवांत पसरलेले असते आणि दुसरे खोलीच्या कोपऱ्यात 'उगीच' बसलेले असते. आपल्याला वाटते, किती शांत आहेत! प्रत्यक्षात पहिल्याने नाकाबंदी केलेली असते.

अशा वेळी आपला वास आजूबाजूला असला की मांजराला सुरक्षित वाटते, असे दिसते. निर्धास्त मांजर हे काम गाल घासून करते. धास्तावलेले मांजर लघवी वापरते. म्हणूनच नव्या बॅगेवर, बाहेरून आलेल्या चपलांवर, नव्या फर्निचरवर पिचकारी उडते. त्यांच्यावर परका वास असतो. सूड म्हणून मांजर हे करते, हा समज आम्हाला सर्वात घातक वाटतो, कारण त्यातून मार येतो. डागात नाक घासणे, वहाण भिरकावणे, कोंडून ठेवणे यांनी मांजर एवढेच शिकते, की घरातली माणसेही भरवशाची नाहीत. ताण वाढतो आणि ताणाबरोबर खुणाही वाढतात. आमच्या घरात पहिले दोन महिने नेमके हेच झाले, हे कबूल करायला हवे.

मग आम्ही पशुवैद्याकडे गेलो. खरे तर पहिल्या दिवशीच जायला हवे होते. मूत्राशयाचा दाह, खडे, मूत्रपिंडाचे किंवा सांध्यांचे दुखणे यांमुळेही मांजर भलतीकडे लघवी करते. ताण आणि मूत्राशय यांचा संबंध तर फार जवळचा. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन व सहकाऱ्यांनी १२ निरोगी आणि मूत्राशयदाहाचा इतिहास असलेली २० मांजरे ७७ आठवडे पाहिली. ज्या आठवड्यात वेळापत्रक बिघडले किंवा सांभाळणारी माणसे बदलली, त्या आठवड्यात निरोगी मांजरांनीही कमी खाल्ले आणि ट्रेबाहेर घाण केली. बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट जिवावरची आहे. तो वारंवार ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. एक-दोन दिवसांच्या उशिराने बोका दगावतो.

आमच्या तिन्ही मांजरांच्या तपासण्या ठीक निघाल्या. आता प्रश्न, की हे कोणाचे? पशुवैद्यांच्या देखरेखीखाली आम्ही एक जुनी युक्ती केली. नेत्रतज्ज्ञ डोळा तपासताना वापरतात ते फ्लुओरेसीन नावाचे रंगद्रव्य एका वेळी एकाच मांजराला अन्नातून द्यायचे. ते लघवीतून बाहेर पडते आणि नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली पिवळसर हिरवे चमकते. मांजराची लघवी अतिनील प्रकाशात मुळातच थोडी चमकते, त्यामुळे फरक नीट पाहावा लागतो. वाघ्याची पाळी झाली, डाग फिकेच. मनीच्या पाळीला पडद्याची कड झगझगीत उजळली.

वयात येण्यापूर्वी नसबंदी केलेल्या मांजरांची पाहणी डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८४ मध्ये प्रसिद्ध केली होती. तीत सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के भाट्या मोठेपणी पिचकाऱ्या मारताना आढळल्या. ते वाचलेले असूनही आम्ही निकाल वाघ्याच्या विरुद्ध दिला होता. नसबंदी हा पहिला आणि सर्वात परिणामकारक उपाय आहेच. हार्ट यांच्याच १९७३ च्या अभ्यासात प्रौढ बोक्यांपैकी ८७ टक्क्यांत नसबंदीनंतर ही सवय थांबली किंवा कमी झाली. पण उरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतो.

नंतरचे काम शाळेतल्या मुलांनाही जमेल असे आहे. घराचा नकाशा कागदावर काढला. प्रत्येक खूण सापडली की तेथे ठिपका, शेजारी तारीख आणि त्या दिवशी घरात काय वेगळे घडले त्याची नोंद. महिन्याभरात ठिपक्यांचे दोन पुंजके झाले. एक गॅलरीच्या दाराभोवती, दुसरा मोरीकडे जाणाऱ्या अरुंद बोळात. पहिल्याचा खुलासा एका पहाटे झाला. गॅलरीच्या कठड्यावर गल्लीतला एक दांडगा बोका येऊन बसत होता. दुसऱ्याचा खुलासा त्याहून सोपा. तिन्ही ट्रे आम्ही मोरीत ओळीने ठेवले होते, वाटेत ठकीची आवडती सतरंजी होती, आणि मनीला ट्रेपर्यंत जायचे तर ठकीवरून जावे लागे. शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच.

गॅलरीच्या काचेला खालून दोन फूट दुधी कागद चिकटवला आणि बाहेरची खरकट्याची बादली हलवली. बोक्याचे येणे थांबले नाही, पण दिसणे थांबले. मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त, या नियमाने चार ट्रे केले आणि ते चार ठिकाणी ठेवले. जेवणाच्या ताटल्याही वेगळ्या केल्या. फडताळावर आणि कपाटावर चढायला फळ्या ठोकल्या. घर पसरवता येत नाही, पण मांजरासाठी ते वर वाढवता येते. मनी आणि ठकी यांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून एकीचे फडके दुसरीच्या अंथरुणात ठेवले, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग दार फटीएवढे उघडे. याला दीड महिना लागला आणि घरातल्या माणसांची सहनशक्ती मांजरांच्या आधी संपत आली. गोणत्यात ट्रेची वाळू भरली.

साफसफाईबद्दल थोडे सांगायला हवे. अमोनियाचे द्रावण वापरू नये. लघवीतून सुटणाऱ्या वासात अमोनिया असतोच. ब्लीचिंग पावडरही नको, लघवीशी तिचा संयोग होऊन घातक वायू सुटतात. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे फिनेल तर मांजरासाठी विषारी आहे. फिनॉलजातीय पदार्थांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारे एक विकर मांजराला नसते, त्याचे जनुक निकामी झालेले आहे. पॅरासिटामॉल मांजराला मारक ठरते तेही मुख्यतः याच कारणाने. विकरयुक्त धुण्याच्या पावडरीचे कोमट द्रावण, मग साधे पाणी, मग कोरडे फडके, एवढे पुरते. डेव्हिस येथे २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात नुसती डागांची आणि ट्रेची स्वच्छता काटेकोर केल्यानेही खुणांचे प्रमाण घटले होते.

एवढ्यानेही भागले नाही तर औषधे आहेत. फ्लुओक्सेटीन या औषधाने पिचकाऱ्या कमी होतात, हे औषध कोणाला आणि नुसती गोळी कोणाला हे गुप्त ठेवून केलेल्या चाचणीत दिसले आहे. ते पशुवैद्यानेच द्यायचे. अचानक बंद केल्यास सवय परत येऊ शकते. मांजराच्या गालातल्या गंधाची नक्कल करून खोलीत दरवळत ठेवण्याची उपकरणेही मिळतात. त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. आमच्यावर दोन्हींची वेळ आली नाही.

चौथ्या महिन्यात नकाशावर एकही नवा ठिपका पडला नाही. दिवाळीच्या आधी मात्र दोन दिवसांत चार पडले, चारही नव्या रंगाच्या भिंतींवर. रंगाऱ्यांनी घासून काढलेल्या त्या भिंतींवर मनीने वर्षानुवर्षे गाल घासलेले होते. आता आम्ही एका वेळी एकच खोली रंगवतो, आणि रंग वाळला की सगळ्यात आधी तिची जुनी गोधडी तेथे नेऊन टाकतो.