पीएचपीतील सिंपलएक्सएमएल : दस्तऐवजातील नावांनीच माहितीपर्यंत

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी मान्य केलेली एक्सएमएल ही माहिती लिहून ठेवण्याची पद्धत असून, तिच्यात मजकुराच्या आधी व नंतर टोकदार कंसांत टॅग, म्हणजे खुणा, घालून तो मजकूर कशाविषयी आहे हे सांगितले जाते. उघडणारी खूण, मजकूर आणि मिटणारी खूण मिळून एक घटक होतो. घटकाच्या पोटात आणखी घटक असू शकतात, आणि त्यामुळे संपूर्ण दस्तऐवजाला एकाच मुळापासून फुटत गेलेल्या वृक्षाची रचना प्राप्त होते. एक्सएमएलचा पाया युनिकोडचा असल्याने घटकांची नावे देवनागरीतही देता येतात, आणि ग्रंथालयाच्या सूचीतील एखादी नोंद पुढीलप्रमाणे लिहिता येते :

<पुस्तक क्रमांक="१२"><शीर्षक>श्यामची आई</शीर्षक><लेखक>साने गुरुजी</लेखक></पुस्तक>

यातील ‘क्रमांक’ हा उघडणाऱ्या खुणेतच लिहिलेला गुणधर्म होय.

अशा नोंदी प्रोग्रामने वाचाव्यात यासाठी १९९८ च्या ऑक्टोबरात ‘डॉम’ हे प्रतिमान प्रमाण ठरले. ते काटेकोर आहे, परंतु त्यात घटकातील मजकूरसुद्धा स्वतंत्र गाठ, म्हणजे वृक्षाचा एक सांधा, मानला जातो, आणि दोन घटकांमधील मोकळी ओळही गाठच ठरते. शीर्षक हवे असल्यास त्या नावाचे सर्व घटक शोधणे, त्यांतील पहिला घेणे, त्याच्या पहिल्या अपत्याकडे जाणे आणि मग त्याचे मूल्य विचारणे, एवढ्या पायऱ्या लिहाव्या लागतात. परिणामी प्रोग्राममध्ये पुस्तकांपेक्षा वृक्षावरील चढउतारच अधिक दिसते.

पीएचपी ही संकेतस्थळांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी स्क्रिप्टिंग भाषा आहे, म्हणजे तिच्यातील प्रोग्राम आधी वेगळा संकलित करून ठेवावा लागत नाही. जुलै २००४ मध्ये आलेल्या तिच्या पाचव्या आवृत्तीत सिंपलएक्सएमएल हा विस्तार अंतर्भूत झाला. तो संपूर्ण फाइल वाचून तिचे ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नावाने हाक मारता येतील असे भाग असलेल्या एका वस्तूत, रूपांतर करतो. मूळ घटक $ग्रंथालय या चलात ठेवला असेल, तर पहिल्या पुस्तकाचे शीर्षक $ग्रंथालय->पुस्तक->शीर्षक एवढ्याने मिळते, आणि एकेक पुस्तक $पुस्तक या चलात घेऊन सर्व नोंदींवरून फिरताना गुणधर्म $पुस्तक['क्रमांक'] असा वाचता येतो. पीएचपी देवनागरी नावे स्वीकारत असल्यामुळे ही उदाहरणे जशीच्या तशी चालतात. या योजनेचे खरे मोल असे की, दस्तऐवज रचणाऱ्याने दिलेली नावेच प्रोग्रामची भाषा होतात आणि वाचणाऱ्याला माहितीचा अर्थ थेट दिसतो.

मात्र हातात येतो तो शीर्षकाचा मजकूर नव्हे, तर शीर्षक या घटकाचा ऑब्जेक्ट असतो. तो छापताना पीएचपी त्याचा मजकूर आपोआप काढून देते, आणि म्हणूनच हा भेद नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. परंतु तोच ऑब्जेक्ट वापरकर्त्याच्या सत्रात साठवू पाहिल्यास त्याचे साठवणयोग्य रूप करता येत नाही आणि प्रोग्राम त्रुटी देतो. यासाठी मूल्य हाती येताच त्याचे स्पष्टपणे अक्षरमालेत रूपांतर करण्याची सवय अत्यावश्यक आहे. दुसरी अडचण याहून फसवी आहे. ‘शीर्षक’ऐवजी ‘शिर्षक’ असे ऱ्हस्व लिहिले, तर कोणताही इशारा न मिळता रिकामे उत्तर येते, आणि चूक प्रोग्रामची की फाइलची, हे शोधण्यात वेळ जातो.

निरनिराळ्या शब्दसंग्रहांतील नावे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून एक्सएमएलमध्ये नामावकाश वापरले जातात; तसे घटक साध्या बाणाने सापडत नाहीत, त्यांचा नामावकाश सांगूनच ते मागावे लागतात. दस्तऐवजातील नावांनीच माहितीपर्यंत जाण्याची सिंपलएक्सएमएलची कल्पना जावास्क्रिप्टमध्ये ई-फोर-एक्स या नावाने २००४ मध्येच प्रमाणित झाली होती, पण ती तेथे रुजली नाही आणि फायरफॉक्स या ब्राउझरनेही पुढे तिचा आधार काढून टाकला. पायथनमध्ये एलएक्सएमएल या संचात ती आजही उपलब्ध आहे.

सिंपलएक्सएमएल संपूर्ण वृक्ष स्मृतीत उभा करते, त्यामुळे बेताच्या आकाराच्या फाइलींसाठी तेच साधन प्रथम निवडावे. स्मृतीत न मावणारी सूची असेल, तर पीएचपीतीलच एक्सएमएलरीडरने ती क्रमाने पुढे सरकत वाचावी आणि प्रत्येक पुस्तकाचा तुकडा तेवढा सिंपलएक्सएमएलकडे सोपवावा.