नक्षी न मोडता माप

एकरंगी स्वेटर मापाला आणणं सोपं असतं. छातीत घट्ट होईल असं वाटलं तर थोडे टाके जास्त घालायचे, सैल होईल असं वाटलं तर कमी. रंगीत नक्षीच्या स्वेटरला ही मोकळीक नाही. टाके नक्षीच्या पटीतच हवेत, नाहीतर फेरी संपते तिथे फूल अर्धं राहतं. म्हणून पुष्कळजणी छापील मापांतलं त्यातल्या त्यात जवळचं माप घेतात आणि पुढचं नशिबावर सोडतात. त्याची काही गरज नाही. या स्वेटरांच्या जुन्या बांधणीतच माप बदलण्याच्या जागा आहेत, त्या ओळखायला हव्यात.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध, फेअर आइल हे चिमुकलं बेट आहे. तिथली आडव्या पट्ट्यांची नक्षी १९२०च्या दशकात जगभर पोचली. पुढे आठवा एडवर्ड झालेल्या युवराजाचं हा स्वेटर घातलेलं चित्र जॉन सेंट हेलियर लँडर यांनी १९२५मध्ये रंगवलं. एका फेरीत दोनच रंग, आणि अंग गोल, बिनशिवणीचं. मुंढ्यापाशी थोडे जादा टाके घालून विणकाम तसंच वर न्यायचं आणि शेवटी त्या टाक्यांच्या मधोमध कात्री चालवायची. मग कडेचे टाके उचलून बाही खाली मनगटाकडे विणत आणायची. त्यामुळे बाहीची लांबी शेवटपर्यंत आपल्या हातात राहते, आणि मनगटाची बॉर्डर झिजली तर तेवढीच उसवून नवी विणता येते.

खरा पेच घेराचा. समजा, १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसतात आणि नक्षी २४ टाक्यांची आहे. २४० टाक्यांचा घेर होतो जेमतेम ८६ सेंटिमीटर, त्यापुढचा २६४ टाक्यांचा थेट ९४. आपल्याला हवा ९०, म्हणजे २५२ टाके. एक वाट अशी की २४० टाक्यांवर नक्षी घ्यायची आणि दोन्ही काखांखाली सहा-सहा टाक्यांची उभी पट्टी घालायची, एक टाका या रंगाचा, एक त्या. कंबरेला घट किंवा वाढ करायची तीही याच पट्टीत, म्हणजे मुख्य नक्षीला धक्का लागत नाही. दुसरी वाट, नक्षीच्या दोन फुलांमध्ये चार टाके वाढवून ती २८ची करायची. २८ नवे २५२, हिशेब चोख बसतो. तिसरी, २६४ टाकेच घेऊन बारीक सुईवर जरा घट्ट विणायचं. मला पहिली सगळ्यांत आवडते, कारण ती पुढेही उपयोगी पडते. उंचीचं काम त्यामानाने हलकं: दोन मोठ्या पट्ट्यांमध्ये तीन-चार ओळींची एक बारीक पट्टी वाढवली किंवा गाळली की झालं.

आइसलँडचा लोपापेसा हा विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झालेला स्वेटर. त्याची मुख्य नक्षी गळ्याभोवतीच्या गोल योकवर असते, अंग बरंचसं साधं. इथे मापाची भिस्त योकच्या खोलीवर. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकर बाईंनी यासाठी टक्केवारीची रीत मांडली: छातीचे टाके १०० धरले तर गळ्याचे सुमारे ४०, मनगटाचे २०. योकमधली घट सलग न करता मोजक्याच फेऱ्यांत, नक्षीच्या पट्ट्यांमधल्या एकरंगी जागेत करायची. योक खोल हवा असेल तर त्याच एकरंगी जागेत फेऱ्या वाढवायच्या.

गोल योक पुढून-मागून सारखा विणला की पुढचा गळा कंठाशी चढतो. त्यावर उपाय म्हणजे फेरी पूर्ण न करता मागच्या भागातच उलटसुलट काही ओळी विणून पाठ उंच करायची. या ओळी नक्षी सुरू होण्याआधी घालाव्यात किंवा ती संपल्यावर, मध्ये नाही. भरलेल्या छातीसाठी पुढच्या बाजूला हेच करता येतं, नक्षीच्या खाली.

हे सगळं गणित नमुन्याच्या तुकड्यावर उभं असतं. तो गोलातच विणावा, कारण उलट ओळींचा ताण सुलट ओळींसारखा नसतो. मग धुऊन, वाळवून मोजावा. दोन धाग्यांचं कापड एकेरीइतकं ताणलं जात नाही, म्हणून बाहीला सैलपणा जास्त ठेवावा. अरुंद बाहीत मागचे धागे आवळतात आणि हात आत शिरत नाही. तिथे एक नंबर जाड सुई घ्यावी, आणि सुईवरचे टाके पसरून मगच धागा पुढे न्यावा.

शेटलंडची लोकर एकमेकीला धरून राहते, म्हणून ती कापली तरी टाके सहज सुटत नाहीत. आपल्या बाजारात मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक, गुळगुळीत. कात्री लावण्याआधी मुंढ्याच्या जादा टाक्यांवर दोन्ही बाजूंनी मशीनची बारीक शिलाई दोनदा मारावी, आणि दोन्हींच्या मधून, उजेडात, एकेक टाका बघत कापावं.