भंडारदऱ्याचं भात आणि जिनिव्हाचा करार

भंडारदरा धरणाच्या परिसरात आम्ही वाड्या-वस्त्यांवर तरुणांच्या बैठका घेतो. मागच्या बैठकीत एका मुलाने विचारले, "डब्ल्यूटीओशी आपला काय संबंध? आपण तर पोतंभर भातही बाजारात नेत नाही." प्रश्न रास्त होता. बैठकीतल्या अनेकांच्या नावावर सातबाराही नव्हता. तरी संबंध आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे: बियाण्यात आणि रेशनच्या दुकानात.

जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली. तिच्या करारांपैकी ट्रिप्स हा बौद्धिक संपदेचा करार. त्याच्या कलम २७.३(ब) नुसार देशांनी वनस्पतींच्या वाणांना संरक्षण दिलेच पाहिजे. पेटंट देऊन किंवा स्वतःचा वेगळा कायदा करून. भारताने दुसरी वाट धरली आणि २००१ मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. त्यातले कलम ३९ प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे. शेतकरी आपले बियाणे राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँड लावून विकायचे नाही, एवढीच अट.

हे कागदावरचे वाटत असेल तर गुजरात आठवा. २०१९ मध्ये पेप्सिकोने चिप्सच्या बटाट्याचे आपले नोंदणीकृत वाण लावले म्हणून शेतकऱ्यांवर दावे ठोकले. साबरकांठ्यातल्या चौघांकडून प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. देशभर ओरड झाल्यावर कंपनीने मे महिन्यात दावे मागे घेतले. पुढे वाणाची नोंदणी रद्द झाली, आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने ती पुन्हा कंपनीच्या बाजूने गेली. शेतकऱ्यांची ढाल होती कलम ३९.

आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाली. त्यांचे सगळे काम, एका घरचे बी दुसऱ्या घरी देणे, याच हक्कावर उभे आहे. युरोपीय देश व्यापार करारांमध्ये युपोव्ह १९९१ या कराराचा आग्रह धरतात. त्यात संरक्षित वाणाचे बी शेजाऱ्याला देण्याची मोकळीक जवळपास उरत नाही. भारत अजून त्याचा सदस्य नाही. म्हणून नवा व्यापार करार झाल्याची बातमी आली की दारू आणि मोटारींवरचा कर किती घटला एवढेच वाचून थांबू नका, बौद्धिक संपदेचे प्रकरणही पाहा.

आता रेशन. सरकार हमीभावाने धान्य घेते आणि रेशनवर देते. डब्ल्यूटीओच्या शेती करारात हमीभावाची ही खरेदी व्यापार बिघडवणाऱ्या मदतीत धरतात आणि तिला मर्यादा आहे: त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के. मदत मोजताना आजचा हमीभाव १९८६-८८ च्या आंतरराष्ट्रीय भावाशी ताडून पाहतात. तांदळाचा तेव्हाचा भाव होता किलोला साधारण साडेतीन रुपये! २०२५-२६ चा भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे तांदळाच्या हिशोबात किलोला पस्तीसच्या आसपास. भारत हिशोब डॉलरमध्ये मांडतो म्हणून आकडा सौम्य दिसतो, तरी २०१८-१९ मध्ये तांदळाची मर्यादा ओलांडलीच. खटला टळला तो २०१३ च्या बाली परिषदेतल्या 'शांतता कलमा'मुळे. ही व्यवस्था तात्पुरती आहे. कायमचा तोडगा २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही निघाला नाही. भूमिहीन घराच्या माणशी पाच किलोंमागे हा वाद उभा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण नुसते घोषणा देणारे ठरू. डंकेल मसुद्याच्या वेळी कर्नाटकात नंजुंडस्वामी विरोधात उभे राहिले, तर महाराष्ट्रात शरद जोशींनी त्याचे समर्थन केले. त्यांचे म्हणणे होते की शेतकऱ्याला लुटते ते आपलेच सरकार, निर्यात रोखून आणि भाव पाडून. हे आजही सरसकट फेटाळता येत नाही. ८ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी दिल्लीने घातली होती, जिनिव्हाने नव्हे, आणि फटका आपल्याच जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांना बसला. पण खुल्या बाजाराचा फायदा ज्याच्याकडे विकायला माल आहे त्यालाच. दहा गुंठ्यांच्या खाचरात वर्षाचे खाणे पिकवणारा किंवा दुसऱ्याच्या बांधावर आवणीला जाणारा या हिशोबात कुठेच येत नाही. आमचे मतभेद इथे आहेत.

बैठकीत शेवटी कामाचे ठरले. काळभात, रायभोग अशी जी वाणे घरांत अजून आहेत, त्यांची नोंद गावाच्या जैवविविधता नोंदवहीत करायची. शेतकऱ्यांच्या वाणाची २००१ च्या कायद्याखाली नोंदणीही होते आणि त्याला शुल्क लागत नाही. पहिली यादी करायला तोच प्रश्न विचारणारा मुलगा तयार झाला; त्याच्या आजीकडे तीन जातींचे बी आहे.