पाण्याचा खेळ आणि पाण्याचा हिशेब

परीक्षा संपतात, ऊन तापू लागते आणि परसदारी पाण्याचा खेळ रंगतो. कोणी नळाला रबरी नळी जोडतो, कोणी पिचकारी भरतो, तर धाकटी मंडळी घमेल्यातच बसून घेतात. एवढ्यात घरातून आवाज येतो, "पाणी वाया घालवू नका रे!" नळ बंद होतो आणि खेळही बंद पडतो.

विद्यार्थी मित्रांनो, या भांडणात चूक कोणाची? मुलांना पाण्यात खेळावेसे वाटते, यात गैर काही नाही. पहाटे उठून नळाचे पाणी भरणाऱ्या किंवा विहिरीवरून हंडे वाहणाऱ्या आईला त्या पाण्याची किंमत ठाऊक असते, हेही खरे. पण 'खेळा' किंवा 'खेळू नका' एवढी दोनच उत्तरे असतात का? पदार्थविज्ञानाला विचारून पाहिले, तर तिसरे उत्तर मिळते. ते कोणते, ते आज आपण पाहू या.

आधी मोजू या

कोणत्याही प्रश्नाला हात घालण्यापूर्वी मोजमाप करावे, हा विज्ञानाचा पहिला नियम. येथे लागणारी साधने अगदी साधी आहेत : एक बादली आणि सेकंदकाटा असलेले एक घड्याळ. नळीचे तोंड बादलीत धरा, नळ रोज खेळताना सोडता तेवढाच सोडा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहा.

समजा, १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली. मग अर्धा तास नळी चालू राहिली, तर ४५० लिटर पाणी गेले. हा आकडा लहान की मोठा? तुलना करू या. जल जीवन मिशन ही केंद्र सरकारची योजना २०१९ साली सुरू झाली. तिच्यात खेड्यातील माणशी रोजच्या पाण्याचे प्रमाण ५५ लिटर धरले आहे. त्या हिशेबाने ४५० लिटर म्हणजे आठ माणसांचे पिणे, स्वयंपाक, आंघोळ आणि धुणे, असे सारे दिवसभराचे पाणी झाले. तेच पाणी १५ लिटरच्या हंड्याने वाहून आणायचे म्हटले, तर ३० खेपा होतात. पंधरा किलोचे ओझे डोक्यावर घेऊन तीस वेळा चालत यायचे! ज्या घरात नळ नाही, तेथे या खेपा बहुधा आई आणि मुलीच घालतात.

एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने लातूर शहराचे पाणी आटले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी नेले. सुमारे साडेतीनशे किलोमीटर ओढून नेलेले हे पाणी, अर्धा तास नळी मोकळी सोडणाऱ्या अकराशे घरांनी संपवले असते. तेव्हा घरातून येणारी ती हाक उगाच नसते.

गारवा येतो कोठून?

आता खेळाची बाजू ऐकू या. उन्हाळ्यात पाणी अंगावर घ्यावेसे वाटते ते मुख्यतः गारव्यासाठी. पण हा गारवा येतो कसा? पाणी थंड असते म्हणून, असे पुष्कळांचे उत्तर असेल. ते अपुरे आहे.

अंगावरून वाहून जाणारे पाणी जाताना थोडे तापते आणि तेवढीच उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी ३ अंश सेल्सिअसने तापले, तर त्याने ३ कॅलरी उष्णता नेली. याउलट अंगावर राहिलेल्या एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी खर्ची पडतात. हाच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. ३ कोठे आणि ५८० कोठे!

पण अंगावर पाणी राहते तरी किती? दहाबारा वर्षांच्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे एक चौरस मीटर असते. भिजलेल्या त्वचेवर पाण्याचा थर एक दशांश मिलिमीटर जाडीचा आहे असे मानले, तर ते पाणी होते १०० घनसेंटिमीटर, म्हणजे लहानसे फुलपात्रभर. तुम्ही अंगावर तांब्या ओता, बादली ओता की नळी धरून उभे राहा. एका वेळी अंगाला चिकटणारे पाणी तेवढेच! बाकीचे सारे पायाखालून निघून जाते.

या फुलपात्रभर पाण्याची वाफ व्हायला ५८,००० कॅलरी लागतात. एवढीच उष्णता ३ अंशांनी तापणाऱ्या वाहत्या पाण्याने न्यायची, तर १९ लिटरांहून अधिक पाणी लागेल. म्हणजे फुलपात्रभर पाणी एका मोठ्या बादलीचे काम करू शकते. वाफ होताना लागणारी उष्णता सगळीच शरीरातून येत नाही, काही भाग भोवतालच्या हवेतूनही येतो, हे लक्षात ठेवा. तरीही फरक प्रचंडच राहतो.

म्हणून गारवा हवा असेल, तर पाण्याखाली सतत उभे राहण्यात अर्थ नाही. अंग भिजवा, सावलीत वाऱ्यावर या, थोडे वाळू द्या आणि मग पुन्हा भिजवा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही युक्ती छान साधते. कोकणात किंवा गोव्यात हवा दमट असल्यामुळे बाष्पीभवन सावकाश होते. तेथे वाऱ्याचा झोत असला तरच बरा गारवा मिळतो.

धारेची गंमत

खेळात नुसता गारवा नसतो. धार लांब उडाली पाहिजे, नेम लागला पाहिजे! यासाठी तरी पुष्कळ पाणी लागते का? मुळीच नाही.

नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्या वेळी पाणी पहिल्याइतकेच बाहेर पडते, फक्त वेगाने पडते, असे पुष्कळांना वाटते. बादली आणि घड्याळ घेऊन पाहा : अंगठा दाबल्यावर बादली भरायला अधिक वेळ लागतो! लांब नळीतून पाणी जोरात वाहते तेव्हा घर्षणामुळे त्याचा बराचसा दाब वाटेतच खर्च होतो. तोंड अरुंद केले की प्रवाह कमी होतो, घर्षणात वाया जाणारा दाब कमी होतो आणि तोंडाशी अधिक दाब शिल्लक राहतो. त्यामुळे थोडे पाणी अधिक वेगाने उडते. पाणी कमी आणि मौज जास्त!

पिचकारीत हेच आणखी नेटके साधते. पिचकारीच्या नळीचा आतील व्यास ३ सेंटिमीटर आणि तोंडाच्या छिद्राचा ३ मिलिमीटर आहे असे समजा. व्यास दहापट, म्हणून क्षेत्रफळ शंभरपट. दट्ट्या सेकंदाला १० सेंटिमीटर या वेगाने रेटला, तर धार त्याच्या शंभरपट, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने सुटते. हवेचा अडथळा नसता, तर ४५ अंशांत रोखलेली ही धार दहा मीटरवर जाऊन पडली असती. प्रत्यक्षात तिचे थेंब होतात आणि ती अलीकडेच पडते. या पिचकारीची लांबी २५ सेंटिमीटर असेल, तर तिच्यात पावणेदोनशे घनसेंटिमीटर पाणी मावते. मघाच्या ४५० लिटरांत अशा अडीच हजार पिचकाऱ्या भरल्या असत्या!

टोरिचेल्लीचा फवारा

पाच लिटरचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा घ्या. त्याच्या तळाला २ मिलिमीटर व्यासाची पाच छिद्रे पाडा, डबा पाण्याने भरा आणि झाडाच्या फांदीला टांगा. झाला फवारा तयार!

छिद्रातून पाणी किती वेगाने पडेल? गॅलिलिओचा शिष्य टोरिचेल्ली याने १६४४ साली याचा नियम प्रसिद्ध केला. पाण्याच्या पातळीपासून छिद्रापर्यंत मोकळा पडणारा दगड जो वेग घेईल, तोच वेग पाण्याच्या धारेचा असतो. डब्यात पाणी २० सेंटिमीटर उंच असेल, तर हा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर येतो. धार छिद्रातून बाहेर पडताना आकसते, ते धरून एका छिद्रातून सेकंदाला सुमारे ४ आणि पाचांतून २० घनसेंटिमीटर पाणी पडते. पातळी उतरते तशी धार मंदावते, म्हणून पाच लिटर पाणी साधारण आठ मिनिटे पुरते. तेवढ्या वेळात उघड्या नळीतून १२० लिटर पाणी गेले असते.

छिद्रे मोठी पाडण्याचा मोह आवरा. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते आणि डबा आठ मिनिटांऐवजी दोनच मिनिटांत रिकामा होतो.

खेळ आधी, झाडे मागाहून

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पाणी 'वाया गेले' म्हणजे नेमके काय झाले? पाणी नष्ट तर होत नाही. ते आपल्या उपयोगाच्या जागेवरून निरुपयोगी जागी गेले, एवढाच त्याचा अर्थ. फरशीवर सांडलेले पाणी गटारात जाते, तापलेल्या जमिनीवर पातळ पसरलेले पाणी तासाभरात उडून जाते. तेच पाणी झाडाच्या आळ्यात पडले, तर मुळांशी पोहोचते.

आपल्याकडील जुन्या घरांची रचना आठवा. मोरीचे पाणी परसात सोडलेले असे आणि तेथे अळू व केळी लावलेल्या असत. एकच पाणी दोनदा उपयोगी पडे. खेळाच्या पाण्यालाही हाच न्याय लावता येतो. परसातील झाडांना संध्याकाळी पाणी घालायचेच असते. मग ते आधी खेळायला घ्यावे आणि खेळून झाल्यावर झाडांना द्यावे. खेळासाठी निराळे पाणी काढायचेच नाही, हे आपले तिसरे उत्तर!

चार मुलांसाठी ४० लिटरांचे अंदाजपत्रक करू या. टबात २५ लिटर, टांगलेल्या डब्यासाठी दोन भरण्यांचे १० लिटर आणि पिचकाऱ्यांसाठी ५ लिटर. नळ एकदाच उघडायचा आणि बंद करायचा. डबा केळीच्या आळ्यावर टांगा. टब मातीच्या जागेवर, झाडाजवळ ठेवा आणि पिचकारीचा नेम भिंतीवर न धरता कढीपत्त्यावर धरा. प्रत्येक मूल पाच वेळा भिजून वाळले, तर मघाच्या हिशेबाने चौघांच्या अंगावरून मिळून २ लिटर पाणी उडेल. आणखी थोडे इकडेतिकडे सांडेल. उरलेले ३५ लिटर झारीने झाडांना घाला. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. त्या हिशेबाने साडेतीन चौरस मीटरांच्या वाफ्याला दहा मिलिमीटर पाऊस मिळाला!

वेळही संध्याकाळची निवडा. ऊन उतरलेले असले की जमिनीवरून कमी पाणी उडते. मात्र पाण्यात साबण किंवा रासायनिक रंग मिसळलेला असेल, तर ते झाडांना घालू नका. आणि ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे पिण्याच्या पाण्याने खेळू नये, हे वेगळे सांगायला नको. तेथे ओला पंचा अंगावर घेऊन वाऱ्यावर बसले, तरी गारव्याचे शास्त्र तेच.

दोन धोके

पाणी वाचवायचे म्हणून तेच पाणी टबात आठवडाभर ठेवू नका. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि सुमारे आठदहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून टब रोज रिकामा करून पालथा घाला. दुसरे असे, की अगदी लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. धाकटी भावंडे टबात असताना मोठ्या माणसाने क्षणभरही दूर जाऊ नये.

करून पाहा

१. आंघोळीनंतर कोरड्या पंचाने अंग पुसा. पंचाचे वजन पुसण्यापूर्वी आणि पुसल्यानंतर तराजूवर करा. तुमच्या अंगाला किती ग्रॅम पाणी चिकटले होते? आपण मानलेले १०० ग्रॅम बरोबर ठरतात का? केस वेगळ्या पंचाने पुसा, नाही तर उत्तर फसवे येईल.

२. नळी मोकळी असताना आणि तोंडावर अंगठा दाबला असताना बादली भरायला लागणारा वेळ मोजा. धार किती लांब पडते तेही मोजा. पाणी कितीपट कमी झाले आणि अंतर कितीपट वाढले?

३. टांगलेल्या डब्यातील पाणी निम्म्यावर यायला किती वेळ लागतो आणि उरलेले निम्मे संपायला किती? दुसरी वेळ पहिलीच्या दुपटीहूनही अधिक येईल. असे का, याचा टोरिचेल्लीच्या नियमावरून विचार करा.

शिक्षकांनी हे प्रयोग शाळेच्या बागेत, झाडांना पाणी घालण्याच्या वेळी करून घ्यावेत. मग प्रयोगासाठी वेगळे पाणी लागणार नाही. आणि मित्रांनो, पुढच्या वेळी घरातून हाक आली, तर आपला हिशेब लिहिलेली वही आईला दाखवा : ४० लिटर घेतले, ३५ लिटर झाडांना दिले.