ब्रेक आधी हाक मारतो



बैल जरासा लंगडला की आपण जू उतरवून आधी त्याचा खूर पाहतो. पण दारातल्या मोटारीचा ब्रेक आठ-पंधरा दिवस कुरकुरत असला तरी, “पाहू हंगाम संपल्यावर,” असे म्हणून तिच्यात लेकराबाळांना बसवतो. हे कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच हातून हे घडले आहे.

मागे एका पावसाळ्यात आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे ते ठिकाण. परतवाड्याकडे उतरायचे म्हणजे वळणावळणाचा घाट. घरून निघतानाच ब्रेकचा पाय खोल जात होता, दोनदा दाबला की लागायचा. गाडी जुनी, चालायचेच, असे आम्ही म्हटले. वर पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल केली आणि ब्रेकवरच उतरू लागलो. थोड्या वेळाने जळका वास आला आणि पाय सरळ तळाला टेकला. कसाबसा खालचा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. मागे दोन नाती बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हालाही दहा मिनिटे बोलता आले नाही.

परतवाड्याहून मिस्त्री बोलावला. त्याने चाक खोलले आणि म्हणाला, “काकाजी, हा ब्रेक आज नाही गेला. पंधरा दिवसापासून तुमाले हाक मारून रायला होता. तुमी आयकलं नाही.”

ती हाक कशी ओळखावी ते सभासदांपुढे ठेवतो.

आवाज : बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक-पॅडला मुद्दाम पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजले की ती डिस्कला घासून चींचीं करते. सकाळी दवामुळे एक-दोनदा आवाज येऊन थांबला तर काळजी नाही. रोज येऊ लागला तर पॅड बदला. खरखर ऐकू आली तर लोखंडावर लोखंड घासत आहे असे समजा. मग पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च वाढतो.

पाय : पाय स्पंजासारखा दबला तर नळीत हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर कोठे तरी ऑइल गळते, नाही तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले. ब्रेक-ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट-३ जातीचे नवे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरली की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते, पाय दाबला तर वाफच दबते आणि ब्रेक लागत नाही. आमचे झाले ते हेच. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यावे.

ओढ आणि थरथर : ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक अडकला असेल किंवा त्यावर ऑइल सांडले असेल. पाय थरथरत असेल तर डिस्क तपासा.

लाल दिवा : हँडब्रेक सोडल्यावरही दिवा जळत राहिला तर डबीतले ऑइल पाहा. कमी असेल तर नुसते ओतून मोकळे होऊ नका. ते कमी का झाले ते शोधा.

आपल्या भागात हे आता जास्त महत्त्वाचे झाले आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता चांगला झाला की वेग वाढतोच. पण ४० चा वेग ८० झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि समोर दिवा नसलेली ट्रॉली केव्हा येईल याचा नेम नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी रस्त्याला लागताना दोन्ही ब्रेक-पेडल जोडणारी खिट्टी लावलीच पाहिजे. वावरात वळण्यासाठी ती सोडलेली असते. रस्त्यावर भरवेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो, उलटतोही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर तिचा सारा रेटा ट्रॅक्टरवरच येतो, हेही ध्यानात असू द्या.

घाटात मोटार असो की ट्रॅक्टर, खालच्या गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. मोटारीचे इंजिन बंद असले की दोन-तीन दाबांतच ब्रेकचा पाय दगडासारखा जड होतो.

बहिरमच्या यात्रेला निघा की लग्नाला, आधी अंगणात इंजिन चालू करून ब्रेक दाबून धरा आणि तीसपर्यंत मोजा. पाय खाली सरकत गेला तर त्या दिवशी एस.टी.ने जा.