औषधाआधी निदान : गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांचे आरोग्य

कोलकात्याच्या परिसरातील जिल्हे, चेन्नईमधील कोळत्तूर आणि मुंबई ही देशातील शोभिवंत माशांच्या उत्पादनाची व व्यापाराची महत्त्वाची केंद्रे होत. तेथून गप्पी, मोली, गोल्डफिश, एंजल असे मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून दूरदूरच्या गावांपर्यंत पोहोचतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील लहान संगोपन केंद्रांचाही समावेश असल्याने अनेक शेतकरी कुटुंबे व महिला बचत गट या पूरक व्यवसायाकडे वळले आहेत. थोड्या जागेत, थोड्या पाण्यात होणारा हा व्यवसाय असला, तरी एका टाकीतील रोगाने संपूर्ण हंगामाची मिळकत दोन-चार दिवसांत हातची जाऊ शकते.

अशा वेळी सर्वसाधारणपणे दिसणारे चित्र पुढीलप्रमाणे असते. नवीन खेप टाकीत सोडल्यानंतर पाच-सहा दिवसांनी काही माशांच्या अंगावर पांढरटपणा दिसतो. मत्स्यपालक दुकानात जाऊन लक्षण सांगतो आणि दुकानदार एक निळी बाटली व प्रतिजैविकाची पुडी देतो. दोन्ही औषधे अंदाजाने टाकीत पडतात. दुसऱ्या दिवशी मरतूक वाढते, म्हणून मात्रा दुप्पट केली जाते. या साऱ्या धावपळीत मासे नेमके कशाने आजारी आहेत, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

एक लक्षण, परस्परविरोधी उपचार

अंगावरील पांढरटपणा हे एकाच रोगाचे लक्षण नव्हे. मिठाच्या कणांसारखे सुटे, उठावदार, जास्तीत जास्त एक मिलिमीटर आकाराचे ठिपके असतील, तर तो बहुधा पांढरे ठिपके रोग होय. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. याउलट तोंडाभोवती अथवा पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा असेल, तर कॉलम्नॅरिस या जीवाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. कापसाच्या पुंजक्यासारखे लांब धागे एखाद्या जुन्या जखमेवर वाढलेले दिसल्यास ती सॅप्रोलेग्निया गटातील बुरशी असण्याची शक्यता अधिक असते. सोनेरी-पिवळसर धुळीसारखा थर बॅटरीच्या तिरप्या उजेडात दिसला, तर तो मखमली रोग समजावा.

हा भेद केवळ नावापुरता नाही. पांढरे ठिपके रोगात पाण्याचे तापमान हळूहळू ३० अंश सेल्सिअसपर्यंत वाढविणे उपयुक्त ठरते, कारण त्यामुळे परजीवीचे जीवनचक्र वेगाने पुढे सरकते व उपचाराचा काळ कमी होतो. कॉलम्नॅरिसचा जीवाणू मात्र उबदार पाण्यातच अधिक आक्रमक होतो. निदान चुकले आणि तापमान वाढविले, तर जो रोग आटोक्यात आला असता तोच एक-दोन दिवसांत टाकी रिकामी करू शकतो.

पहिली तपासणी पाण्याची

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याचे उत्सर्जनही होते. त्यामुळे कोणतेही औषध घेण्यापूर्वी अमोनिया, नायट्राइट, सामू, तापमान व विद्राव्य प्राणवायू यांची तपासणी करावी. यासाठी लागणारे साधे चाचणी संच बाजारात मिळतात.

अमोनियाचा विषारीपणा सामूवर अवलंबून असतो. २५ अंश तापमानास सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाल्यास तो सुमारे ५ टक्के होतो आणि सामू ९ झाल्यास एक तृतीयांशाहून अधिक. शेवाळाने हिरव्या झालेल्या टाकीत दुपारी सामू चढतो. म्हणून सकाळी ठणठणीत दिसणारे मासे दुपारनंतर पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर संसर्गाआधी पाण्यावर संशय घ्यावा. उलट धापा टाकणे पहाटे दिसून उन्हाबरोबर कमी होत असेल, तर रात्री प्राणवायू अपुरा पडत असल्याची ती खूण होय.

नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते व कल्ले तपकिरी दिसू लागतात. अशा वेळी खाण्याच्या मिठातील क्लोराइड नायट्राइटचा कल्ल्यांतून होणारा प्रवेश रोखते. नवीन टाकीत अमोनिया व नायट्राइट यांचे रूपांतर करणारे उपयुक्त जीवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात माशांची संख्या व खाद्य मर्यादित ठेवणे हाच उपाय होय.

टाकीतील सर्वच जातींचे मासे एकाच वेळी, काही तासांत अस्वस्थ झाले, तर कारण बहुधा पाण्यात असते. संसर्ग सहसा काही माशांपासून सुरू होऊन दिवसागणिक पसरतो. विस्तार कार्यकर्त्याने मत्स्यपालकास विचारावयाचा पहिला प्रश्न म्हणूनच हा असावा : त्रास एकदम सुरू झाला की हळूहळू?

माशाची व श्लेष्माची तपासणी

पाणी निर्दोष आढळल्यास माशाकडे वळावे. टाकीच्या कडांना अंग घासणे, पर मिटून घेणे, एकच कल्ला जलद हलविणे ही बाह्य परजीवींची नेहमीची लक्षणे होत. चपटी माशीची ऊ व नांगरकृमी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पोट फुगून खवले देवदारच्या फळासारखे उभे राहिले, तर शरीरात पाणी साचले आहे असे समजावे. बहुधा त्यामागे आतील जीवाणू संसर्ग अथवा मूत्रपिंडाचा बिघाड असतो व या टप्प्यावर उपचारास यश क्वचितच येते.

खात्रीच्या निदानासाठी सूक्ष्मदर्शक हवाच. जिवंत माशाच्या अंगावरील श्लेष्मा बोथट कडेने, डोक्याकडून शेपटीकडे हलक्या हाताने खरवडावा, काचपट्टीवर टाकीतील पाण्याच्या थेंबात पसरावा व ४० ते १०० पट वर्धनाखाली लगेच पाहावा. संथपणे गोल फिरणारी, घोड्याच्या नालेसारखे केंद्रक असलेली पेशी म्हणजे पांढरे ठिपके रोगाचा परजीवी. आकडे असलेला, जळूसारखा आखडणारा जीव म्हणजे त्वचा अथवा कल्ले यांवरील कृमी. गवताच्या गंजीप्रमाणे एकत्र आलेले बारीक, लवचिक जीवाणू कॉलम्नॅरिस सुचवितात. पाच-सहा केंद्रांनी मिळून एक साधा सूक्ष्मदर्शक घेतला, तरी अनावश्यक औषधांवरील खर्च टळू शकतो.

उपचार : योग्य टप्पा, योग्य मात्रा

पांढरे ठिपके रोगाचा परजीवी त्वचेखाली असताना औषधापासून सुरक्षित असतो. पक्व झाल्यावर तो गळून तळाशी जातो, कवच धारण करतो व विभाजनाने शेकडो पोहणारी पिल्ले सोडतो. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या अवस्थेवरच. म्हणून ठिपके नाहीसे झाले की उपचार थांबविणे ही मोठी चूक ठरते. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारणतः आठवडाभरात पूर्ण होते. थंड पाण्यात त्यास कित्येक आठवडे लागतात. प्रतिलिटर २ ते ३ ग्रॅम मीठ देऊन तळ रोज स्वच्छ करावा आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवावा. हिवाळ्यात बाहेरच्या टाक्यांत हा काळ वाढवावा लागतो. कोरिडोरससारखे मार्जारमीन व पाणवनस्पती यांना मीठ सोसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मात्रा ठरविण्यापूर्वी पाण्याचे आकारमान मोजावे. टाकी ३ मीटर लांब व १.५ मीटर रुंद असून पाणी ०.६ मीटर खोल असेल, तर आकारमान २.७ घनमीटर, म्हणजे २,७०० लिटर होते. प्रतिलिटर २ ग्रॅमप्रमाणे त्यास ५.४ किलो मीठ लागेल. ते एकदम न टाकता पाण्यात विरघळवून दोन दिवसांत तीन-चार हप्त्यांनी द्यावे. अंदाजाने दिलेले औषध कमी पडले तर परजीवी उरतो, जास्त झाले तर मासा दगावतो.

कॉलम्नॅरिसमध्ये गर्दी कमी करावी, वायुवीजन वाढवावे, तापमान वाढवू नये व आजारी मासे त्वरित वेगळे करावेत. पोटॅशियम परमँगनेट प्रतिलिटर २ मिलिग्रॅम या मात्रेत वापरता येते. सेंद्रिय गाळ अधिक असल्यास गुलाबी रंग लवकर तपकिरी होऊन औषधाचा प्रभाव संपतो. म्हणून टाकी आधी स्वच्छ करावी. परमँगनेट व फॉर्मलिन एकत्र कधीही वापरू नयेत.

प्रतिजैविके हा पहिला उपाय नव्हे. परजीवी वा विषाणू यांवर त्यांचा परिणाम होत नाही. शिवाय गाळणीतील उपयुक्त जीवाणू मरून अमोनिया वाढण्याचा धोका असतो. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना मत्स्यसंवर्धनात बंदी आहे. अन्य प्रतिजैविकेही प्रयोगशाळेतील संवेदनशीलता चाचणी व तज्ज्ञांचा सल्ला यांविना वापरू नयेत.

रोग दारातच रोखावा

नवीन खेप किमान तीन ते चार आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवावी. तिच्यासाठी जाळे, बादली व नळी वेगळी असावी. पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटे टाकीतील पाण्यावर तरंगत ठेवून तापमान समान होऊ द्यावे. प्रवासात पिशवीतील कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच हा वायू निघून सामू चढतो व अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडल्यावर मासे अधिक काळ त्या पाण्यात ठेवू नयेत. जाळ्याने काढून टाकीत सोडावेत व पिशवीतील पाणी टाकीबाहेर ओतावे.

हातावर जखम असल्यास टाकीत काम करताना रबरी हातमोजे वापरावेत. माशांतील क्षयरोगाचा एक जीवाणू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरू शकतो.

प्रयोगशाळेकडे केव्हा जावे?

मरतूक दोन दिवसांहून अधिक काळ वाढत राहिल्यास नमुने तपासणीस पाठवावेत. मेलेला मासा निदानास फारसा उपयोगी पडत नाही, कारण कल्ले झपाट्याने कुजतात. लक्षणे असलेले दोन-तीन जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत व टाकीतील पाणी वेगळ्या बाटलीत द्यावे. सोबत माशांची जात, संख्या, खेपेची तारीख, दिलेली औषधे व मरतुकीचा रोजचा आकडा लिहून द्यावा. गोल्डफिशमधील नागीणवर्गीय विषाणूचा प्रादुर्भाव भारतात आढळला आहे. अशा रोगांवर औषध नसल्याने वेळीच खबर देणे हाच शेजारच्या केंद्रांचा बचाव ठरतो.

जलचर प्राण्यांच्या रोगांवरील राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम २०१३ पासून राबविला जात असून लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो त्याचे समन्वयन करते. २०२३ मध्ये उपलब्ध झालेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपद्वारे मत्स्यपालकांना रोगाची माहिती कळविता येते. मुंबईतील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था, जवळचे कृषी विज्ञान केंद्र अथवा मत्स्य महाविद्यालय यांच्याकडेही मार्गदर्शन मागता येईल.

प्रत्येक टाकीशेजारी एक वही असावी. तापमान, सामू, अमोनिया, खाद्य व मरतूक यांची रोजची नोंद घेण्यास पाच मिनिटे पुरतात. मासा आपली व्यथा सांगू शकत नाही. आजार सुरू झाला त्या दिवशी टाकीत काय बदलले होते, हे सांगणारी ती वहीच निदानाची पहिली साक्षीदार ठरते.